नट निघाले, चाक निघेना

अडकतं कुठे? चाकाच्या मधल्या भोकात हबचा गोल उंचवटा बसतो. फट मिलिमीटरच्याही आत. गंज धरतो तो तिथे, नाहीतर मागच्या सपाट भागावर.

का? पोलादी चाक असेल तर साधा तांबडा गंज. अलॉय चाक अ‍ॅल्युमिनियमचं, हब लोखंडी; दोन वेगळ्या धातूंमध्ये खारट ओल शिरली की झिजतं अ‍ॅल्युमिनियम. त्याची पांढरी भुकटी मूळ धातूपेक्षा जास्त जागा व्यापते आणि फट आवळते. कोकण किनाऱ्यावर हे मीठ हवेतूनच येतं, युरोपात हिवाळ्यात बर्फासाठी रस्त्यावर टाकलेलं.

सोडवताना
- सपाट जमीन, हँडब्रेक, बाकीच्या चाकांना ठोकळे. नुसत्या जॅकवर नव्हे, स्टँडवर गाडी.
- नट पूर्ण काढायचे नाहीत. थोड्या आट्यांवर ठेवले की सुटलेलं चाक अंगावर येत नाही.
- टायरवर डावी-उजवीकडून आळीपाळीने लाथा. नाहीच हललं तर मागच्या बाजूने लाकडी ठोकळा लावून हातोडा. अलॉयवर थेट घाव घातला तर तडा जाऊ शकतो.
- गंज सोडवणारं तेल मधल्या भोकाच्या कडेलाच. ब्रेक डिस्कवर थेंबही नको.

परत बसवताना हब तारेच्या ब्रशने साफ. उंचवट्यावर अँटी-सीझचा पातळ थर, स्टडच्या आट्यांना मात्र नाही: तिथे वंगण लागलं की त्याच टॉर्कला नट जास्त आवळला जातो. छोट्या गाड्यांना साधारण १०० न्यूटन-मीटर. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत. ५० ते १०० किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासायचे.