रंगाविना संत

न्यू मेक्सिकोतल्या सांग्रे दे क्रिस्तो डोंगरात कोर्डोव्हा हे लहानसं स्पॅनिशभाषक खेडं आहे. लाकडात संत कोरणाऱ्याला तिथे ‘सान्तेरो’ म्हणतात. ‘सान्तो’ म्हणजे संत. ‘सान्तो’ आणि ‘संत’ यांची मुळं वेगळी, तरी मराठी कानाला ‘सान्तो’ लगेच घरचा वाटतो.

जुनी रीत अशी: कॉटनवूड झाडाचं मूळ कोरायचं, त्यावर जिप्सम आणि सरसाचा पांढरा लेप द्यायचा, मग मूर्ती रंगवायची. डोंगरात पाद्री क्वचित फिरकत, त्यामुळे या मूर्तींवरच गावाची भक्ती उभी होती. 1880 च्या सुमारास रेल्वे आली. साच्यातले प्लास्टरचे संत सहज मिळू लागले आणि सान्तेरोंचं काम आटलं. पेनितेन्ते भक्तमंडळांनी तेवढा जुन्या मूर्तींचा हात सोडला नाही.

होसे दोलोरेस लोपेस (1868–1937) हे कोर्डोव्हातल्या अशाच मंडळाचे प्रमुख, धंद्याने सुतार. पहिल्या महायुद्धात त्यांचा एक मुलगा सैन्यात गेला तेव्हा मन रमवायला ते कोरू लागले, असं सांगतात. सांता फे शहरातल्या कलाप्रेमींना त्यांचं काम आवडलं. रंग मात्र भडक वाटले. 1925 मध्ये अशा जुन्या स्पॅनिश कलांसाठी तिथे संस्था निघाली, पुढच्या वर्षी बाजार भरला. लोपेस यांनी रंग सोडला आणि त्याची उणीव चाकूने भरून काढली. उघड्या लाकडावर बारीक खाचांची नक्षी आली. आदम-ईव्हच्या झाडाचं एकेक पान वेगळं कोरून फांदीत बसवलेलं. हाती धनुष्यबाण घेऊन गाड्यावर बसलेली मृत्यूची मूर्ती, दोन्या सेबास्तियाना, हीसुद्धा त्यांनी बिनरंगाचीच घडवली. रंग सोडणं ही गिऱ्हाइकासाठी केलेली तडजोड होती, हे खरं. पण त्यामुळे भक्ती खोटी ठरते, हे मला मुळीच पटत नाही. एवढा जीव केवळ विक्रीसाठी कोणी ओतत नाही.

लोपेस यांचा आणखी एक मुलगा, जॉर्ज (1900–1993), लॉस अलामोसच्या प्रयोगशाळेत नोकरी करत कोरत राहिला. 1952 पासून त्याने पूर्णवेळ हेच केलं. 1982 मध्ये त्याला अमेरिकेची राष्ट्रीय वारसा फेलोशिप मिळाली. रंगाविना कोरणं ही एव्हाना कोर्डोव्हाची ओळख झाली होती.

होसे लोपेस गावातल्या सान अंतोनियो चर्चची देखभाल करत. तिथल्या वेदीवर रफाएल आरागोन या सान्तेरोने एकोणिसाव्या शतकात रंगवलेले संत आहेत. लोपेस यांचे स्वतःचे बरेचसे संत मात्र दूरच्या संग्रहालयांत गेले.