चाकाच्या आतला सेन्सर आणि फुकट फिटिंग

कल्याण-डोंबिवलीतली कार आठवडाभर शीळ रस्त्यावर, पत्रीपुलाच्या चढावर, नाहीतर घोडबंदर रोडला मेट्रोच्या पत्र्यांच्या कडेकडेने पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये चालते आणि सुट्टी लागली की भिवंडी तालुक्यातल्या आमण्याहून समृद्धी महामार्गावर चढते. जून २०२५ मध्ये इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला आणि नागपूरपर्यंतचे ७०१ किलोमीटर सलग झाले. तिथे सपाट भागात कारला ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे. टायर मात्र दोन्हीकडे तेच. पावसाळ्यात खड्ड्यात आपटून अलॉयची कड किंचित वाकली तर टायर लगेच बसत नाही. रिम आणि टायरची कड, म्हणजे बीड, यांच्या फटीतून हवा झिरपत राहते. मानपाडा रोडच्या वेगाला ती चूक पोटात घालता येते, समृद्धीच्या वेगाला येत नाही. ही झिरप वेळीच कळावी म्हणून आता अनेक गाड्यांच्या चाकांत हवेचा दाब मोजणारा सेन्सर असतो. माझं म्हणणं एवढंच आहे की हा सेन्सर पुढची पाच-सात वर्षं खरं बोलेल की नाही, हे गाडी बनवणाऱ्या कारखान्यापेक्षा टायर बदलणाऱ्या दुकानात जास्त ठरतं. आणि तिथल्या या कामाला आपण अजून मोलच लावलेलं नाही.

कमी हवा इतकी घातक का, ते आधी पाहू. चाक फिरताना टायरचा जो भाग रस्त्याला टेकतो तो दबतो आणि सुटला की पुन्हा उभा राहतो. या दबण्या-उठण्यात रबर तापतं. हवा कमी असेल तर टायरची बाजूची भिंत जास्त वाकते, जास्त तापते, आणि वेग वाढला की हे वाकणं सेकंदाला कितीतरी वेळा घडतं. उष्णतेने रबर आणि आतल्या तारा-धाग्यांचे थर एकमेकांपासून सुटू लागतात; आपण ज्याला टायर फुटणं म्हणतो ती बहुतेकदा या सुटण्याची अखेर असते. म्हणूनच ‘उन्हाळा आहे, लांब जायचंय, हवा थोडी कमीच ठेवा’ हा पेट्रोलपंपावर सर्रास मिळणारा सल्ला उलटा आहे. तापमान दहा अंशांनी वाढलं की कारच्या टायरमधला दाब साधारण दीड पीएसआयने चढतो. कंपनीने ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर छापलेला आकडा हे गृहीत धरूनच, थंड टायरसाठी दिलेला असतो. धावून तापलेल्या टायरमधली ‘जास्तीची’ हवा काढली, तर गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी कमी हवेवर उभी असते. नायट्रोजन भरल्याने यातून सुटका होते हाही समज तपासून पाहावा. साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन असतो आणि तापल्यावर दोन्हींचा दाब जवळपास सारखाच वाढतो.

यावर जुन्या, मुरलेल्या चालकांचं म्हणणं असतं की त्यांना टायर नुसता बघून किंवा पाना मारून, आवाजावरून हवा कळते. ट्रकच्या जोडचाकात एक टायर पार बसलाय का, हे आवाजावरून खरंच कळतं. त्या कसबाबद्दल मला शंका नाही. पण कारच्या रेडियल टायरची भिंत पुरेपूर हवा असतानाही खाली जराशी फुगलेलीच दिसते. तेहतीस पीएसआय आणि सव्वीस पीएसआय यांतला फरक डोळ्यांना दिसत नाही, आणि धोका नेमका त्या पट्ट्यात असतो. अमेरिका हे फार मोठी किंमत मोजून शिकली. फोर्डच्या एक्सप्लोरर गाडीवरचे फायरस्टोनचे टायर धावता धावता थर सुटून फाटू लागले आणि ऑगस्ट २००० मध्ये सुमारे ६५ लाख टायर परत मागवावे लागले. त्या अपघातांत अडीचशेहून जास्त माणसं गेली. गाडीला अवघे २६ पीएसआय हवा सुचवली होती, म्हणजे चूक व्हायला जागाच उरली नव्हती, हा वादाचा एक मोठा मुद्दा होता. त्याच वर्षी तिथे कायदा झाला आणि सप्टेंबर २००७ पासून प्रत्येक नव्या हलक्या गाडीत दाबाची सूचना देणारी यंत्रणा सक्तीची झाली. युरोपात नोव्हेंबर २०१४ पासून सर्व नव्या कारना ती लागू झाली.

आपल्याकडे ती वेगळ्या वाटेने आली. जुलै २०२० मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत बदल झाला. ट्यूबलेस टायर, पंक्चर काढायचं किट आणि दाबाची सूचना देणारी यंत्रणा, ही तिन्ही असतील तर कारमध्ये स्टेपनी ठेवायची सक्ती उरली नाही. या तरतुदीकडे टायर बदलून घेणाऱ्याने नीट पाहायला हवं. अशा गाडीतला सेन्सर हा वरचा शौक नसतो, तो स्टेपनीच्या बदल्यात आलेला असतो. दुकानात त्याचा तुकडा पडला तर त्या गाडीत स्टेपनी नाही आणि इशाराही नाही, असं होतं. त्यात किटमधलं चिकट द्रव्य टायरमध्ये सोडलं की ते सेन्सरच्या बारीक छिद्रात जाऊन बसू शकतं. म्हणून असा टायर नंतर उघडताना आतला सेन्सर पुसून, तपासून घ्यावाच लागतो.

हा सेन्सर असतो तरी कसा? काही गाड्यांत तो नसतोच. एबीएससाठी बसवलेले वेगमापक चाकांच्या फेऱ्या मोजतात. हवा कमी झालेलं चाक किंचित लहान होऊन जास्त फेऱ्या घेतं आणि त्यावरून गाडी अंदाज बांधते. टाटांच्या काही मॉडेलांत ही रीत आहे. तिथे टायर बदलताना काही तुटण्याची भीती नाही, पण हवा भरल्यावर रीसेट करावं लागतं, आणि चारही चाकांतली हवा महिनोन् महिने सारखीच उतरली तर ही यंत्रणा गाफील राहू शकते. दुसऱ्या प्रकारात, जो ह्युंदाई-कियाच्या अनेक गाड्यांत आहे, प्रत्येक व्हॉल्व्हच्या आतल्या टोकाला काडेपेटीहून लहान, हलकी एक डबी असते. तिच्यात दाब आणि तापमान मोजणारी चिप, चाक फिरतंय का ते ओळखणारा भाग, रेडिओ आणि लिथियमची बॅटरी असं सगळं सीलबंद असतं. प्रत्येक डबीला स्वतःचा क्रमांक असतो. त्यावरून गाडी आपलं चाक ओळखते, शेजारच्या गाडीचं नाही.

आता दुकानात काय होतं ते बघा. गाडी जॅकवर चढते, एअरगनने नट सुटतात, व्हॉल्व्ह पिन काढून हवा सोडली जाते आणि चाक मशीनच्या बाजूच्या फावड्यासमोर उभं राहतं. हे फावडं टायरची भिंत दाबून बीड रिमवरून सोडवतं. व्हॉल्व्ह त्या वेळी फावड्याच्या तोंडाशी असेल तर डबी तिथेच चिरडते. चाक अर्धा फेरा फिरवून व्हॉल्व्ह लांब नेला की ती वाचते. दोन सेकंदांचं काम, पण सेन्सर आहे हे आधी माहीत असायला हवं. मग चाक फिरत्या पाट्यावर आवळलं जातं. लिव्हर घालून बीड उचलायचा तो सेन्सरपासून दूर, आणि नवा टायर चढवताना जिथे बीड शेवटी सगळ्यांत ताणून बसतो ती जागाही सेन्सरवर येऊ द्यायची नाही. चांगला कारागीर हे हिशेब हाताने करतो. त्याच्या हालचालीत कुठे थांबणं दिसत नाही, फक्त लिव्हर घालण्याआधी नजर एकदा व्हॉल्व्हवर जाते. त्यानंतरचं काम बारीक आहे आणि तेच सहसा टाळलं जातं: व्हॉल्व्हचं रबरी वॉशर, पिन आणि टोपी बदलणं, धातूच्या व्हॉल्व्हचा नट ठरल्या जोरानेच आवळणं. पिनची गोष्ट तर फार महत्त्वाची. ॲल्युमिनियमच्या व्हॉल्व्हमध्ये साधी पितळी पिन बसवली की दोन धातूंमध्ये गंज धरतो. आपल्या खाडीकाठच्या दमट हवेत तर तो लवकरच धरणार. पिन जाम होते आणि पुढच्या वेळी जोर लावताना व्हॉल्व्हच मोडतो. तिथे निकेलचा मुलामा असलेली पिनच लागते. बॅलन्सिंग झालं, चाकं चढली, की शेवटी गाडीला नवी जागा शिकवायची. पुढची चाकं मागे टाकली असतील आणि हे शिकवणं राहिलं, तर काही गाड्या मागच्या चाकाचा आकडा पुढच्या कोपऱ्यात दाखवत राहतात आणि चालक भलत्याच टायरमध्ये हवा भरतो.

एवढ्या सगळ्याचं बिल काय होतं? पुष्कळ ठिकाणी शून्य. नवे टायर घेतले की फिटिंग फुकट, अशी रीत पडली आहे. दुकानदाराची कमाई टायरच्या विक्रीवर, कारागिराची किंमत तासाला किती गाड्या उतरवल्या यावर, आणि गिऱ्हाईक वीस मिनिटांत चावी मिळाली म्हणून खूश. या व्यवहारात व्हॉल्व्ह फिरवून घेणाऱ्या दोन सेकंदांना आणि शंभर-दोनशे रुपयांच्या वॉशर-पिनला जागाच नाही. सेन्सर तुटला तर दोष कारागिरावर ढकलला जातो, पण त्याला सेन्सर वाचणारं हत्यार कुणी दिलेलं नसतं आणि शिकवलेलंही नसतं. माझ्या मते सेन्सरच्या चाकाचं फिटिंग बिलावर वेगळ्या ओळीत यायला हवं, त्याचे पैसे गिऱ्हाइकाने बिनतक्रार द्यावेत, आणि त्या पैशात काम सुरू व्हायच्या आधी व संपल्यावर चारही सेन्सरची नोंद मिळावी: दाब किती, बॅटरी कशी, क्रमांक कोणता. आधीची नोंद असली की मेलेला सेन्सर दुकानाच्या माथी मारला जात नाही, आणि दुकानात मोडलेला गिऱ्हाइकाच्या माथी.

यावर असं म्हटलं जाईल की त्यामुळे रस्त्याकडेचा पंक्चरवाला उपाशी मरेल. तसं होणार नाही. ट्यूबलेसमध्ये घुसलेला खिळा काढून बाहेरून पट्टी भरताना टायर रिमवरून उतरतच नाही, त्यामुळे सेन्सरला हातही लागत नाही. शीळफाट्यावर रात्री अकराला गाडी चालती करणारा तोच आहे आणि त्याचं काम त्याच्याकडेच राहील. मशरूम पंक्चर (म्हणजे आतून बसवायचा प्लग), नवे टायर, अलॉय बदलणं यांत चाक उघडतं, आणि मुद्दा फक्त त्या कामांचा आहे. दुसरा आक्षेप, बाहेरून व्हॉल्व्हच्या टोपीसारखे फिरवून बसवायचे सेन्सर स्वस्तात मिळतात, मग हा खटाटोप कशाला. जुन्या गाडीला ते काहीच नसण्यापेक्षा चांगले आहेत. पण ते व्हॉल्व्हची पिन सतत दाबून ठेवतात, म्हणजे हवा अडवायचं काम त्यांच्या वॉशरवर येतं. शिवाय सोसायटीबाहेर उभ्या गाडीवरून ते सहज चोरीला जातात. तिसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: दिवा उगीच लागतो म्हणून लोक त्याच्याकडे बघायचंच सोडतात. पण बऱ्याच गाड्यांत दिवा दोन गोष्टी सांगतो. सलग पेटला तर हवा कमी. चालू करताच मिनिटभर लुकलुकून मग स्थिर झाला तर यंत्रणाच बिघडली, बहुधा एखादा सेन्सर बोलत नाही. सेन्सर नसलेली स्टेपनी लावली तरी हेच होतं. शिवाय अमेरिकी नियमात दिवा दाब पंचवीस टक्के उतरल्यावर लागला तरी चालतो. तेहतीसच्या टायरला म्हणजे पंचवीसच्या आसपास. तोपर्यंत टायर बराच तापून घेतो, म्हणून पंपावर महिन्यातून एकदा गेजने हवा बघणं सुटत नाही. पंपावर हवा फुकट मिळायलाच हवी, असा नियम आहे.

२०२०च्या आसपास सेन्सरसकट विकल्या गेलेल्या एमएच-०४ आणि एमएच-०५ च्या गाड्या आता टायरच्या दुसऱ्या जोडीला येत आहेत. या डब्यांतली बॅटरी पाच ते दहा वर्षं टिकते आणि ती एकटी बदलता येत नाही, डबीच बदलावी लागते. टायर रिमवरून उतरलेलाच असतो तेव्हा नवी डबी बसवायला वेगळी मजुरी पडत नाही. तीच सहा महिन्यांनी बसवायची तर चाक पुन्हा काढून, उघडून, बॅलन्स करून चढवावं लागतं. त्यामुळे नव्या टायरचा भाव विचारतानाच दुकानात दोन प्रश्न विचारून ठेवावेत: सेन्सर वाचायचं यंत्र आहे का, आणि व्हॉल्व्हच्या पिना निकेलच्या आहेत का. पहिल्याचं उत्तर ‘नाही’ आलं तर शंभर रुपये वाचवण्यापेक्षा दोन किलोमीटर पुढचं दुकान गाठलेलं बरं.