होतकरू खेळाडूची पारख

दुर्ग-भिलाई या जोडशहरातील बोरसीसारख्या वस्तीत राहणाऱ्या सतरा-अठरा वर्षांच्या एखाद्या मुलीची कल्पना करावी. उंचीने ती वर्गातील सर्व मुलींपेक्षा वीतभर अधिक आहे. पहाटे उठून ती भिलाईच्या पंत स्टेडियममधील बास्केटबॉलच्या मैदानावर सरावाला जाते आणि तेथून महाविद्यालयात. घरातील वडीलधाऱ्यांपुढे एकच प्रश्न असतो : या खेळातून पुढे मुलीचे काय होणार?

प्रश्न साधा दिसतो, पण जगभर बास्केटबॉल खेळणाऱ्या तरुणांच्या आईवडिलांना तो पडतो आणि प्रत्येक देशाने त्याचे उत्तर आपापल्या रीतीने शोधले आहे. अमेरिकेने शोधलेले उत्तर म्हणजे ‘ड्राफ्ट’ ही पद्धती. भिलाईत मिळणारे उत्तर वेगळे आहे. ही दोन उत्तरे शेजारी शेजारी ठेवून पाहिली, तर होतकरू खेळाडूची पारख म्हणजे नेमके काय, याचा उलगडा होतो.

ड्राफ्ट म्हणजे काय?

अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉलची प्रमुख संघटना ‘राष्ट्रीय बास्केटबॉल संघटना’, म्हणजेच एन.बी.ए., ही आहे. तिचे ३० संघ आहेत. दरवर्षी नवे खेळाडू या संघांत येतात ते खुल्या बाजारातील चढाओढीतून येत नाहीत. ठरलेल्या दिवशी प्रत्येक संघ आपल्या पाळीप्रमाणे एकेका खेळाडूचे नाव पुकारतो. ज्या संघाने नाव पुकारले, त्याच संघाशी त्या खेळाडूने करार करावयाचा असतो. या पद्धतीचा आरंभ १९४७ साली झाला. आदल्या हंगामात जो संघ सर्वांत मागे राहिला, त्याला निवडीचा मान आधी, हे तिचे मूळ तत्त्व होय. दुर्बळांना चांगले खेळाडू मिळावेत आणि स्पर्धा चुरशीची राहावी, हा त्यामागचा हेतू.

परंतु या तत्त्वातून एक विपरीत मोह निर्माण झाला. शेवटी राहण्यात लाभ असेल, तर जिंकण्याचा प्रयत्न तरी कोणी का करावा? संघ जाणूनबुजून हरतात असा संशय येऊ लागला, तेव्हा १९८५ पासून पहिल्या काही पाळ्या सोडतीने ठरविण्याची प्रथा सुरू झाली. एका यंत्रात १ ते १४ क्रमांकांचे चेंडू घालून त्यांतील चार काढले जातात. अशा चौकड्यांचे १००१ प्रकार संभवतात. त्यांपैकी हजार प्रकार मागे राहिलेल्या संघांत ठरावीक प्रमाणात वाटून दिलेले असतात. २०१९ मध्ये या प्रमाणात बदल करण्यात आला आणि सर्वांत मागे राहिलेल्या तीन संघांना प्रथम क्रमांक मिळण्याची शक्यता सारखीच, म्हणजे शेकडा १४, अशी ठेवण्यात आली.

१९८९ पासून ड्राफ्टच्या दोनच फेऱ्या होतात. तीस संघ आणि दोन फेऱ्या, म्हणजे फार तर साठ जागा. उलटपक्षी अमेरिकेत पहिल्या श्रेणीचे पुरुष संघ बाळगणारी महाविद्यालये सुमारे साडेतीनशे आहेत. प्रत्येकाचे तेरा-चौदा खेळाडू धरले, तरी संख्या साडेचार हजारांच्या पुढे जाते. त्यात परदेशांतून येणाऱ्या तरुणांची भर पडते. आपल्या महाविद्यालयात जो सर्वश्रेष्ठ मानला जातो, त्यालाही या साठांत स्थान मिळेलच असे नाही, हे या आकड्यांवरून ध्यानात येईल.

पारख कशी होते?

पूर्वी महाविद्यालयीन शिक्षणाची चार वर्षे उलटल्याखेरीज खेळाडूला व्यावसायिक संघात प्रवेश नसे. स्पेन्सर हेवूड या खेळाडूच्या खटल्यात १९७१ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय त्याच्या बाजूने लागला आणि हे बंधन ढिले झाले. पुढे काही मुले शाळेतूनच थेट व्यावसायिक मैदानावर उतरू लागली. २००६ च्या ड्राफ्टपासून असा नियम झाला की, त्या वर्षात खेळाडूला १९ वर्षे पूर्ण झालेली असावीत आणि अमेरिकी खेळाडूची शाळा सुटून किमान एक वर्ष लोटलेले असावे. त्यामुळे अनेक गुणी तरुण एकच वर्ष महाविद्यालयात खेळून ड्राफ्टला उभे राहतात.

ड्राफ्टपूर्वी निवडक उमेदवारांना शिकागो येथे एकत्र बोलावले जाते. तेथे त्यांची उंची अनवाणी मोजतात. दोन्ही हात आडवे पसरले असता एका बोटाच्या टोकापासून दुसऱ्या बोटाच्या टोकापर्यंतचे अंतर मोजतात. जागच्या जागी व धावत येऊन घेतलेली उडी, दिशा बदलून पळण्याची चपळाई, नेम, सांध्यांची प्रकृती या सर्वांची नोंद होते. हातांच्या लांबीला इतके महत्त्व का, असे वाचकाला वाटेल. बास्केटबॉलमध्ये चेंडू डोक्याने अडवीत नाहीत, हातांनी अडवितात. म्हणून दोन इंचांनी ठेंगणा पण लांब हातांचा खेळाडू अनेकदा उंच खेळाडूपेक्षा अधिक उपयोगी ठरतो.

याखेरीज आणखी एक गोष्ट तोलली जाते, ती म्हणजे वय. एकोणीस वर्षांचा मुलगा आणि बावीस वर्षांचा तरुण यांनी हंगामात सारखेच गुण मिळविले, तर संघ बहुधा एकोणीस वर्षांच्या मुलाकडे वळतात. कारण ड्राफ्टमध्ये खेळाडूने काय केले याची किंमत कमी आणि तो पुढे काय करू शकेल याची अधिक. कर्तृत्वापेक्षा संभाव्यतेला झुकते माप, हे या पद्धतीचे मर्म होय.

आणि संभाव्यता कधीच पूर्णपणे मोजता येत नाही. १९८४ च्या ड्राफ्टमध्ये मायकेल जॉर्डन तिसरा निवडला गेला. त्याच्या आधी निवडलेल्या सॅम बोवी या उंच खेळाडूची कारकीर्द दुखापतींनी ग्रासली. सर्बियाचा निकोला योकिच २०१४ मध्ये ४१ वा होता. पुढे तीन वेळा तो संघटनेचा सर्वश्रेष्ठ खेळाडू ठरला. बेन वॉलेसला तर १९९६ मध्ये कोणीच निवडले नाही, तरी २०२१ मध्ये त्याला या खेळाच्या सन्मान-दालनात स्थान मिळाले. तज्ज्ञांची दृष्टी अधू होती असे यावरून समजू नये. शरीर मोजता येते. पण ते किती वर्षे साथ देईल आणि मन किती शिकत राहील, हे मोजणारे साधन अद्याप निघालेले नाही.

चुकीची झळ मात्र सर्वांना सारखी लागत नाही. पहिल्या फेरीत निवडलेल्याला ठरावीक वेतनश्रेणी मिळते आणि पहिल्या दोन वर्षांच्या मोबदल्याची हमी असते. दुसऱ्या फेरीतील खेळाडूला अशी हमी नियमाने मिळत नाही. तिसावा आणि एकतिसावा यांच्या खेळात अंतर नसेल, पण त्यांच्या भवितव्यात मोठेच अंतर पडते. म्हणून महाविद्यालयीन खेळाडूंना ठरावीक मुदतीपर्यंत ड्राफ्टमधून नाव मागे घेऊन पुन्हा कॉलेजकडून खेळण्याची मुभा दिलेली आहे. या निर्णयाचे गणितही अलीकडे पालटले आहे. २०२१ पासून महाविद्यालयीन खेळाडूंना आपल्या नावाच्या व छबीच्या वापराबद्दल मोबदला घेता येऊ लागला आणि १ जुलै २०२५ पासून महाविद्यालयांनाही त्यांना थेट पैसे देण्याची परवानगी मिळाली. दुसऱ्या फेरीची आशा धरून बसण्यापेक्षा आणखी एक वर्ष कॉलेजात राहणे आता अनेकांना अधिक किफायतशीर वाटते.

भारतीयांचा अनुभव

या दारापर्यंत भारतीय पोचले ते अगदी अलीकडे. पंजाबातील बल्लोके गावचा सतनाम सिंग लुधियानाच्या अकादमीत घडला. २०१० मध्ये शिष्यवृत्तीवर तो फ्लोरिडातील प्रशिक्षण संस्थेत गेला. त्याची उंची सात फूट दोन इंच. २०१५ च्या ड्राफ्टमध्ये डॅलसच्या संघाने त्याला ५२ वा निवडले. भारतात जन्मलेला असा तो पहिलाच खेळाडू. परंतु एन.बी.ए.चा एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. पुढे तो व्यावसायिक कुस्तीकडे वळला. याच्या उलट, कॅनडात जन्मलेला पंजाबी वंशाचा सिम भुल्लर २०१४ च्या ड्राफ्टमध्ये कोणाच्याच यादीत नव्हता, आणि तरीही एप्रिल २०१५ मध्ये सॅक्रामेंटोच्या संघाकडून तो मैदानावर उतरला. भारतीय वंशाच्या खेळाडूने एन.बी.ए.मध्ये खेळण्याचा तो पहिला प्रसंग. त्यालाही खेळावयास मिळाले ते तीनच सामने.

स्त्रियांच्या व्यावसायिक संघटनेचा ड्राफ्ट १९९७ पासून होतो. केरळची गीतू अ‍ॅना जोस हिने २०११ मध्ये या संघटनेच्या तीन संघांपुढे चाचणी दिली. तिची निवड झाली नाही. पण ती परतली तेव्हा तिच्या पायाखाली जमीन होती, कारण ती दक्षिण रेल्वेत नोकरीला होती. या एका गोष्टीपाशी आपण पुन्हा भिलाईला येतो.

भिलाईचे उत्तर

भिलाईचा पोलाद कारखाना सोव्हिएट संघाशी २ फेब्रुवारी १९५५ रोजी झालेल्या करारातून उभा राहिला. त्याची पहिली झोतभट्टी १९५९ मध्ये सुरू झाली. १९५६ पर्यंत हा मुलूख ज्या राज्यात होता, त्याची राजधानी नागपूर होती. त्यामुळे मराठी कुटुंबांना दुर्ग-भिलाई परके नव्हते. कारखान्याबरोबर वसाहत आली आणि वसाहतीबरोबर मैदानेही आली. याच मैदानांवर राजेश पटेल या प्रशिक्षकांनी मुलींचे संघ घडविले. २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले. तोवर छत्तीसगडच्या मुलींचा राष्ट्रीय स्पर्धांत दबदबा निर्माण झाला होता.

भारतात ड्राफ्ट नाही. येथे खेळाडूचे भवितव्य ठरते ते क्रीडा-कोट्यातील नोकरीवर. रेल्वेच्या भरतीची रीत पाहण्यासारखी आहे. शंभर गुणांपैकी ४० गुण प्रत्यक्ष चाचणीतील कौशल्य, शरीरक्षमता व प्रशिक्षकांचे निरीक्षण यांना. ५० गुण मान्यताप्राप्त स्पर्धांतील कामगिरीला. आणि १० गुण शिक्षणाला. म्हणजे निम्मे माप खेळाडूने मागे काय केले याचे आहे. अमेरिकेचा ड्राफ्ट उद्याकडे पाहतो, आपली भरती कालकडे पाहते.

याचे लाभ उघड आहेत. पदक हा पुरावा डोळ्यांना दिसतो, त्यात मर्जीला वाव कमी राहतो. नोकरी लागली की गुडघा दुखावला म्हणून घराचे उत्पन्न थांबत नाही. सामान्य घरांतील कितीतरी मुली या एका आश्वासनावर मैदानात टिकल्या. भिलाईच्या अनेक मुली पुढे रेल्वेच्या सेवेत गेल्या. भारतीय संघाचे नेतृत्व केलेली पुण्याची शिरीन लिमये हीदेखील रेल्वेच्या संघाकडून खेळली.

परंतु उणीवही तितकीच उघड आहे. पदक हे बहुतांशी संघाचे असते. दुबळ्या राज्यातील गुणी मुलीला ते मिळत नाही आणि जिने खेळ उशिरा सुरू केला तिच्यापाशी ते नसतेच. शिवाय नोकरी हेच शिखर ठरले, तर विशी-बाविशीत, खेळ खरा बहरावयाच्या वेळी, धडपड मंदावण्याचा धोका असतो. ही उणीव भिलाईत एका माणसाच्या नजरेने भरून काढली. पूनम चतुर्वेदी ही जवळजवळ सात फूट उंचीची मुलगी उत्तर प्रदेशातून पटेल यांच्याकडे शिकावयास आली आणि पुढे भारतासाठी खेळली. पदके नसताना उंचीत व चालण्यात उद्याची खेळाडू पाहणे, हे ड्राफ्टचेच काम होय. येथे ते यंत्रणेऐवजी एका प्रशिक्षकाने केले. असा माणूस गेला की ती नजरही जाते. व्यवस्थेने ती आपल्या नियमांत सामावून घेतलेली नसेल, तर हे टळत नाही.

तेव्हा बोरसीच्या त्या मुलीच्या आईवडिलांना काय सांगावे? मुलगी किती गुणी आहे, एवढेच विचारून भागणार नाही. तिच्यासाठी पुढे जागा किती आहेत? त्या जागा देणारे कालची कामगिरी पाहतात की उद्याची शक्यता? आणि अंदाज चुकला तर तोटा कोणी सोसावयाचा, संघाने, संस्थेने, की त्या मुलीने एकटीने? अमेरिकेत तो तोटा बहुतेक तरुणांना एकट्यानेच सोसावा लागतो. महाविद्यालयाची पदवी हाच काय तो त्यांचा आधार. आपल्याकडे नोकरी तो सोसते, पण त्या नोकरीचे दार अरुंद आहे. म्हणून सराव आणि शिक्षण यांपैकी एकासाठी दुसरे सोडू नये. भरतीच्या शंभरांत शिक्षणाचे गुण दहाच असतील, पण मैदान सुटल्यावर ती मुलगी ज्या आयुष्यात पाऊल टाकणार आहे, तेथे त्या दहांचे मोल फार मोठे असते.