राब, खोत आणि कचेरी

कशेडीच्या डोंगरउतारावर नाचणी-वरी, खाली खाचरात भात. भाताचं रोप तरारून यावं म्हणून पावसाआधी राब भाजायचा. त्यासाठी टहाळ, पाला, गवत लागतं आणि ते मिळतं वरच्या झाडीत. १८७८ च्या वन कायद्याने त्या झाडीवर सरकारचा हक्क चढला. पिढ्यान् पिढ्या टहाळ तोडणारा शेतकरी गुन्हेगार ठरू लागला. ठाणे-कुलाबा (आताचा रायगड) जिल्ह्यांत ओरड इतकी वाढली की १८८५ साली सरकारला वन आयोग नेमावा लागला.

यातच इंग्रजांचं कसब दिसतं. गाऱ्हाणं ऐकून घेणाऱ्या सरकारविरुद्ध सहसा कोणी उठत नाही. अमेरिकेतल्या वसाहतींनी १७६५ च्या स्टॅम्प कायद्यावरून रान उठवलं आणि अकरा वर्षांत स्वातंत्र्य जाहीर केलं. आपला शेतकरी मात्र गाऱ्हाण्याच्या अर्जालाही कोर्ट फीचं तिकीट चिकटवून रांगेत उभा! याच कुलाब्यातल्या शिरढोणच्या वासुदेव बळवंत फडक्यांना तेवढा धीर नव्हता. १८७९ मध्ये त्यांचं बंड मोडलं गेलं.

शिवाय इथे सरकारच्या आधी दारात उभा असायचा तो गावचा सारा गोळा करणारा खोत. अर्धेल, म्हणजे निम्मं पीक, त्याचं; वेठही त्याचीच. कशेडी घाटापलीकडच्या रत्नागिरीत १८८० च्या कायद्याने खोतांचे हक्क कागदावर पक्के झाले. कुळाचा राग खोतावर, आणि दाद मागायची सरकारकडे. साम्राज्य लवादाच्या खुर्चीत निवांत बसलं होतं. दक्षिण कुलाब्यात क्रांती उशिरा पोहोचली याचं मला दिसणारं मोठं कारण हेच.

महाडजवळच्या रावदुळचे गोपाळबाबा वलंगकर फौजेतून निवृत्त झालेले. महारांची भरती बंद झाली तेव्हा १८९४ मध्ये त्यांनी सरकारकडे अर्ज केला. उपयोग झाला नाही. पण त्या अपमानातून निघालेली वाट काँग्रेसच्या मंडपाकडे वळली नाही. २० मार्च १९२७ रोजी ती बाबासाहेब आंबेडकरांच्या सत्याग्रहातून महाडच्या चवदार तळ्यावर पोहोचली. तिथला प्रतिपक्ष गोरा नव्हता, गावातलाच होता. स्वातंत्र्यलढ्याचे इतिहास लिहिताना हा फाटा गाळण्याची आपली सवय जुनी आहे.

लवादाची खुर्ची हलली ती १९३० मध्ये. पावसाळ्यात मिठाचा सत्याग्रह थंडावला, तशी चळवळ रानाकडे वळली. २५ सप्टेंबरला उरणजवळ चिरनेरच्या अक्कादेवीच्या माळावर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. आठ सत्याग्रही पडले. त्याच गोळीबारात सरकारचे मामलेदार जोशीही गेले. ज्या झाडीसाठी अर्ज झाले, आयोग बसला, तिच्याच कडेला आता माणसं मारली गेली. यानंतर अर्जाची भाषा उरणं शक्य नव्हतं.

‘चले जाव’ चळवळीत, १० सप्टेंबर १९४२ ला, नाना पुरोहितांच्या नेतृत्वाखाली मोर्चा निघाला तो थेट महाडच्या तहसील कचेरीवर. सारा तिथे भरायचा, अर्ज तिथे द्यायचा, तारखाही तिथेच पडायच्या. आता कचेरीच ताब्यात घ्यायची होती. गोळीबारात कमलाकर दांडेकर, वसंत दाते आणि त्यांचे सोबती हुतात्मे झाले.

खोती मात्र तरीही उभीच होती. बाबासाहेबांनी १९३७ मध्ये तिच्याविरुद्ध विधेयक आणलं, १९३८ च्या जानेवारीत कोकणातले शेतकरी मुंबईच्या कौन्सिलवर चालून गेले. तेव्हा प्रांतात राज्य काँग्रेस मंत्रिमंडळाचं होतं. खोती रद्द करणारा कायदा स्वातंत्र्यानंतर, १९४९ मध्ये आला. १८७८ च्या वन कायद्याचा वारस असलेला १९२७ चा कायदा मात्र दुरुस्त्या होत होत अजून लागू आहे.