मॉर्फिन : वेदनेचे औषध आणि व्यसनाची भीती

हिंजवडीहून कात्रजकडे जाणाऱ्या महामार्गावर वारजे येथे 'सिप्ला पॅलिएटिव्ह केअर' हे केंद्र १९९७ पासून कर्करुग्णांची विनामूल्य शुश्रूषा करीत आहे. अशा शुश्रूषेत तीव्र वेदनांवरील प्रमुख औषध म्हणजे अफूपासून मिळणारे मॉर्फिन. अफूपासूनच तयार होणाऱ्या 'गर्द'ने, म्हणजे ब्राऊन शुगरने, तरुणांना ग्रासले तेव्हा डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी पुण्यातच १९८६ मध्ये 'मुक्तांगण' व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. एकाच वनस्पतीची ही दोन रूपे समजून घ्यायची, तर शरीरातील 'ग्राही' म्हणजे रिसेप्टर समजून घ्यावे लागतात.

चेतापेशींच्या पृष्ठभागावर विशिष्ट प्रथिने असतात. कुलपात किल्ली बसावी तसे ठरावीक रसायन त्यांत बसते. अफूजन्य द्रव्यांसाठी असे ग्राही मेंदूत असल्याचे १९७३ मध्ये अमेरिकेत कँडेस पर्ट आणि सॉलोमन स्नायडर यांनी दाखवले. शरीराकडे ही कुलपे कशासाठी, याचे उत्तर १९७५ मध्ये मिळाले. जॉन ह्यूज आणि हान्स कोस्टर्लिट्झ यांनी मेंदूत तयार होणारी 'एन्केफॅलिन' ही वेदनाशामक द्रव्ये शोधून काढली. मॉर्फिन त्यांचीच जागा घेते.

या ग्राहींचे म्यू, डेल्टा आणि कप्पा हे तीन मुख्य प्रकार असून, मॉर्फिनचा परिणाम प्रामुख्याने म्यूद्वारे होतो. मॉर्फिन ग्राहीवर बसले की, चेतापेशीत कॅल्शियम शिरण्याचे मार्ग बंद होतात आणि पोटॅशियम बाहेर पडण्याचे मार्ग उघडतात. परिणामी वेदनेचा निरोप पुढे नेणारी रसायने कमी स्रवतात आणि तो निरोप मज्जारज्जूतच क्षीण होतो.

हेच ग्राही आतड्यांत असल्याने बद्धकोष्ठता होते. श्वसनावर नियंत्रण ठेवणाऱ्या केंद्रातही ते असल्याने अतिमात्रेत श्वास मंदावून मृत्यू ओढवतो. अशा वेळी नॅलॉक्सोन हे औषध मॉर्फिनला ग्राहीवरून हटवते. मेंदूतील सुखाच्या केंद्रात मात्र या ग्राहींमुळे डोपामिन वाढते. गर्दमधील हेरॉईन मेंदूत अतिशय वेगाने पोहोचते. त्यातून उसळणारी सुखाची लाट व्यसनाकडे नेते.

मॉर्फिन दीर्घकाळ घेतल्यास पेशी त्याच्याशी जुळवून घेतात. मग अधिक मात्रा लागू शकते आणि औषध अचानक थांबवल्यास त्रास होतो. म्हणून ते हळूहळू कमी करतात. हे शारीरिक अवलंबन होय. नुकसान दिसत असूनही पदार्थाची अनावर ओढ लागणे, हे व्यसन. या दोहोंत गल्लत झाली की, घरातली माणसेच रुग्णाला मॉर्फिन नाकारतात. तज्ज्ञांच्या देखरेखीखाली, बेताने वाढवलेल्या मात्रेत कर्करुग्णाला व्यसन लागण्याची शक्यता कमी असते. पूर्वी व्यसन असलेल्यांबाबत अर्थातच अधिक दक्षता घ्यावी लागते.

१९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यामुळे हे औषध मिळवणे अनेक परवान्यांत अडकले होते. २०१४ च्या दुरुस्तीने वैद्यकीय वापराचे नियम देशभर एकसमान आणि सुलभ केले. कायद्यातील अडसर कमी झाला; मनातील भीती दूर होणे तितकेच निकडीचे आहे. घरात असा रुग्ण असल्यास व्यसनाची शंका डॉक्टरांपुढे मोकळेपणाने मांडावी. त्या शंकेपायी रुग्णाला वेदना सोसायला लावू नयेत.