उत्तर संध्याकाळी!

आमच्या स्वयंपाकघराच्या दाराशी एक दगडी पाटी टांगलेली आहे. तिच्यावर रोज सकाळी एक कोडे लिहायचे आणि खाली लिहायचे, "उत्तर संध्याकाळी." ही प्रथा आमच्या सासूबाईंची. दिवसभर ज्याने त्याने डोके खाजवावे आणि दिवेलागणीला उत्तर सांगावे. ज्याचे बरोबर येईल त्याच्या पानात एक लाडू जास्त. लग्न होऊन मी या घरात आले, तेव्हा पाटीच्या माथ्यावर तारीख आणि दिनविशेष लिहिण्याचे काम हौसेने मागून घेतले. पाटी एक आणि हात दोन! भांडण व्हायला याहून अधिक काय हवे?

निमित्त झाले आमच्या चिरंजीवांचे. स्वारी जन्माला आली 4 नोव्हेंबर 1983 रोजी, ऐन लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी. पुढच्या वर्षी लक्ष्मीपूजन आले 24 ऑक्टोबरला. सासूबाईंनी नातवाला पाटावर बसवून ओवाळले आणि वाढदिवस झाला म्हणून त्या मोकळ्या झाल्या. मी तर 4 नोव्हेंबरला चाळीतली सगळी मुले बोलावून ठेवलेली! सासूबाई म्हणाल्या, "पोर अकरा दिवसांपूर्वीच वर्षाचं झालं. आज कसला सोहळा?" मीही तेव्हा तरुण होते. म्हटले, "जन्माच्या दाखल्यावर तारीख असते, तिथी नसते!" झाले! चार दिवस आम्ही दोघी एकमेकींशी फक्त भांड्यांच्या आवाजातून बोललो.

पाचव्या दिवशी पाटीवर कोडे आले. 'दोघी बहिणी जन्मभर शेजारी राहतात, पण एकमेकींचे तोंड पाहत नाहीत. मात्र एक मिटली, की दुसरीची सुईत दोरा ओवताना तारांबळ उडते. त्या कोण?'

उत्तर मला सकाळीच आले होते. पण बोलायचे कसे? संध्याकाळी हळूच म्हटले, "डोळे." सासूबाईंनी माझ्या पानात लाडू वाढला, आणि त्यावर न मागता दुसरा!

वाचकहो, हात लांब करून अंगठा समोर धरा. आधी उजवा डोळा मिटा, मग डावा. अंगठा जागचा हलल्यासारखा वाटेल. दोन्ही डोळ्यांना दिसते ते चित्र जरा वेगवेगळे असते. मेंदू ती दोन्ही जुळवतो, आणि त्या फरकातूनच जवळ काय नि लांब काय हे आपल्याला नेमके उमगते. व्हीटस्टन नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने हे 1838 साली दाखवून दिले. सासूबाईंना त्याचे नावही ठाऊक नव्हते.

पुढे एकदा आमच्या 'ह्यां'नी कुठल्याशा मासिकातले एक कात्रण आणले. 'पक' नावाच्या अमेरिकन विनोदी साप्ताहिकात 6 नोव्हेंबर 1915 रोजी डब्ल्यू. ई. हिल या चित्रकाराचे ते चित्र आले होते. नाव होते 'माझी बायको आणि माझी सासू'. कल्पना त्याहूनही जुनी. 1888 च्या एका जर्मन पोस्टकार्डावर तसेच चित्र आहे. मला त्यात मान वळवून बसलेली एक तरुणी दिसली. सासूबाईंना दिसली लांब नाकाची म्हातारी. "कुठे आहे म्हातारी?" मी. "तरुणी कुठे आहे ते तूच दाखव!" त्या. शेवटी त्यांनी सुईचे टोक टेकवून दाखवले. तरुणीची हनुवटी तेच म्हातारीचे नाक, तिचा कान तोच म्हातारीचा डोळा आणि गळ्यातली पट्टी तेच म्हातारीचे तोंड. रेघ एकही बदलली नाही, पण म्हातारी समोर येऊन बसली! मग मी त्यांना तरुणी दाखवली. त्या बराच वेळ पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "अगंबाई, ही इथेच होती की!"

तरी वाढदिवसाचा तंटा काही मिटेना. चिरंजीव दरवर्षी दोनदा ओवाळून घेत आणि दोनदा खाऊ उकळीत. सातवीत गेल्यावर मात्र त्यांनीच पाटीवर कोडे घातले, 'आजीचे आणि आईचे भांडण कोणत्या साली मिटेल?'

संध्याकाळी त्याने गणित मांडले. तिथी चंद्राची, तारीख सूर्याची. चंद्राचे बारा महिने सुमारे 354 दिवसांत संपतात, म्हणून तिथी वर्षाला अकरा दिवस मागे सरते. मग अधिक मास येऊन तिला पुढे ढकलतो. 19 वर्षांत असे सात अधिक मास धरून चांद्रमास होतात 235, आणि तेवढ्यात सूर्याची 19 वर्षे जवळजवळ तंतोतंत भरतात. फरक अवघा दोनेक तासांचा! म्हणजे एकोणिसाव्या वाढदिवशी तिथी आणि तारीख एकमेकींना पुन्हा भेटतात. चुकलीच, तर एखाद्या दिवसाने. तुमच्या घरच्या पंचांगात पडताळून पाहा.

2002 साली लक्ष्मीपूजन आले ते 4 नोव्हेंबरलाच. त्या दिवशी पाटीवर कोडे नव्हते. एकाच तबकात दोन निरांजने लावून आम्ही दोघींनी मिळून त्याला ओवाळले. सासूबाईंचा हात थरथरत होता, म्हणून तबक खालून मी धरले होते.

दुसरा मेळ आला 4 नोव्हेंबर 2021 रोजी. चिरंजीव अडतीस वर्षांचे झाले होते. तबक धरायला सासूबाई नव्हत्या. दुपारी मी ते जुने कात्रण नातीला दाखवले. तिला झटकन तरुणी दिसली. मला आधी म्हातारी दिसली! 2018 साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी हेच चित्र जवळजवळ चारशे जणांना दाखवून पाहिले, तेव्हा वयस्कांना त्यातली बाई तरुणांपेक्षा अधिक वयाची वाटली होती. तेव्हा माझे काही चुकले नव्हते. मी सुई आणली आणि नातीला नाक, डोळा, तोंड दाखवू लागले.

"आजी, आता पुन्हा असं कधी येणार?" तिने विचारले.

"2040 साली. तेव्हा तुझे बाबा सत्तावन्न वर्षांचे होतील."

"आणि तू?"

मी काही बोलले नाही. तिने खडू घेतला, पाटीवर मोठ्या अक्षरांत '4 नोव्हेंबर 2040' असे लिहिले, आणि घरच्या रिवाजाप्रमाणे खाली लिहिले, "उत्तर संध्याकाळी."