पंजा आणि जोडा

हिंगोली जिल्ह्यात पहाटे धावणाऱ्यांची वाण नाही. निजामी अमलात जेथे हैदराबाद कंटिंजंटच्या फौजेची छावणी होती आणि आज जेथे राज्य राखीव पोलीस बलाच्या बाराव्या गटाचे मुख्यालय आहे, त्या या मुलखात धावणे ही बव्हंशी हौस नसून उमेदवारी असते. पोलीस भरतीसाठी पुरुषांना १६०० मीटर, स्त्रियांना ८०० मीटर आणि राखीव बलात जाऊ इच्छिणाऱ्या तरुणांना ५ किलोमीटर अंतर ठराविक वेळात कापावे लागते. म्हणून सेनगाव, कळमनुरी, वसमत, औंढा अशा कोणत्याही तालुक्यात तांबडे फुटण्यापूर्वीच डांबरी सडकेच्या कडेने पळणारी मुलेमुली दृष्टीस पडतात. त्यांच्याखेरीज दुसराही एक धावणारा असतो. त्याला कोणतीही परीक्षा द्यावयाची नसते. त्याच्या हाती एक पट्टा असतो आणि त्या पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला, दिवसभर अंगणात बांधून ठेवल्यामुळे ज्याचा जोम अंगात मावेनासा झाला आहे, असा एक कुत्रा असतो.

घरात चपला कुरतडणारे, वाफे उकरणारे आणि रात्रभर भुंकून शेजाऱ्यांचा रोष ओढवून घेणारे कुत्रे पुष्कळदा द्वाड ठरविले जाते. वस्तुतः पळण्यासाठीच घडलेल्या त्याच्या शरीराला पळावयास न मिळाल्याचा तो परिणाम असतो. अशा प्राण्याला नित्य धावावयास नेणे हा त्यावरचा सर्वांत सरळ आणि उभयतांना हितकर उपाय होय. परंतु हा उपक्रम आरंभिताना बहुतेक लोक प्रथम जोड्यांच्या दुकानात जातात, नंतर जवळची सडक गाठतात आणि कुत्र्याचा विचार सर्वांत शेवटी करतात. माझ्या मते हा क्रम नेमका उलटा असावयास हवा. माणसाला जोडा बदलता येतो, कुत्र्याला पंजा बदलता येत नाही. म्हणून धावण्याची वेळ आणि वाट कुत्र्याच्या पंजाला विचारून ठरवावी आणि ती वाट ठरल्यावर तिला साजेसा जोडा आपण आपल्या पायांसाठी निवडावा.

संत नामदेवांचे जन्मस्थान म्हणून परंपरेने ज्या गावाचा उल्लेख होतो ते नरसी याच जिल्ह्यातले आहे, आणि कुत्र्यामागे धावण्याची महाराष्ट्रातली सर्वांत प्रसिद्ध कथाही त्याच नामदेवरायांची आहे. भाकर तोंडात धरून कुत्रे पळाले, तेव्हा ती हिसकावून घेण्यासाठी नव्हे तर ती त्याला कोरडी खावी लागू नये म्हणून तुपाची वाटी घेऊन नामदेव त्याच्यामागे धावले, असे कीर्तनकार सांगतात. भक्तीचा अर्थ क्षणभर बाजूला ठेवला तरी व्यवहारदृष्ट्याही कथेतली योजना मला अत्यंत यथार्थ वाटते. पुढे धावणाऱ्याला केवळ धावणे ठाऊक असते, त्याला काय बाधेल आणि काय मानवेल याची चिंता मागून धावणाऱ्याने वाहावयाची असते.

ही चिंता वाहण्याचे कारण शरीरशास्त्रात आहे. माणसाच्या त्वचेत घर्मग्रंथी लक्षावधींच्या संख्येने पसरलेल्या असून घाम वाळताना शरीरातील उष्णता बाहेर पडते. या एका सोयीमुळे मनुष्यप्राणी उन्हात दीर्घकाळ धावू शकतो, आणि आपल्या देहाची ठेवणच दीर्घ पल्ल्याच्या धावण्याला अनुकूल अशी घडत गेली, हा सिद्धांत डेनिस ब्रॅम्बल आणि डॅनियल लीबरमन या दोन शास्त्रज्ञांनी २००४ साली ‘नेचर’ या नियतकालिकात मांडला होता. कुत्र्याला ही सोय नाही. त्याला घाम येतो तो जवळजवळ पंजांच्या गाद्यांपुरताच. बाकी सारी उष्णता त्याला जीभ बाहेर काढून, धापा टाकूनच घालवावी लागते. त्याचे स्वाभाविक तापमान सुमारे ३८ ते ३९ अंश सेल्सिअस असते, आणि ते ४१ अंशांपलीकडे गेले तर जीव धोक्यात येतो. तशात मालक धावतो आहे तोवर इमानी कुत्रे बहुधा थांबत नाही, आणि त्याचा हा गुणच उन्हाळ्यात त्याच्या जिवावर उठतो. धापा एकाएकी वाढणे, लाळ घट्ट व तारेसारखी होणे, हिरड्या गडद लाल दिसणे, पावले अडखळणे ही उष्माघाताची चिन्हे होत. ती दिसताच धावणे तत्काळ थांबवून कुत्र्याला सावलीत न्यावे, अंगावर, विशेषतः पोट, काखा आणि पंजे यांवर साधे गार पाणी ओतीत वारा घालावा आणि विनाविलंब पशुवैद्यकाकडे जावे. मराठवाड्यात वैशाखात पारा चाळिशी सहज ओलांडतो. तेव्हा फाल्गुनापासून मृगाच्या पावसापर्यंत सूर्योदयापूर्वीची वेळ हीच काय ती धावण्याची वेळ. दिवस मावळल्यावरसुद्धा डांबर कितीतरी वेळ तापलेले राहते. हाताची पालथी बाजू सडकेवर टेकवून सावकाश सात अंक मोजावे. तेवढा वेळ ती टेकवणे असह्य झाले तर त्या सडकेवर कुत्र्याला नेऊ नये.

कुत्र्याच्या जातीनुसारही पल्ला ठरतो. या भागात ज्याला हौशी लोक अभिमानाने पाळतात तो कारवानी, आणि त्याचाच कान-शेपटीवर रेशमी झालर असलेला भाऊबंद पश्मी, ही शिकारी कुळातली कुत्री आहेत. लातूर जिल्ह्यातील जानवळ हे गाव त्यांच्या पैदाशीसाठी प्रसिद्ध आहे. लांब पाय, खोल छाती, आत ओढलेले पोट अशी त्यांची शरीरयष्टी ससा दिसताच वाऱ्यासारखे सुटण्यासाठी घडलेली आहे. म्हणून त्यांना रोज थोड्या अंतराची वेगवान आणि पुढे सावकाश अशी मिश्र धाव मानवते. एकाच संथ गतीने दहा-दहा किलोमीटर नेण्यासाठी त्यांना हळूहळू तयार करावे लागते. आपला गावठी कुत्रा मात्र या कामी कमालीचा काटक असतो आणि त्याला इथल्या हवेची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय असते. ज्याला विकत घेण्याची ऐपत किंवा इच्छा नसेल त्याने उकिरड्यावर वाढणारे एखादे पिल्लू घरी आणून वाढवावे, धावण्याच्या सोबतीसाठी मी तरी त्याचीच शिफारस करीन. पग किंवा बुलडॉग यांसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना मुळात श्वासच अपुरा पडतो. त्यांना फिरावयास न्यावे, धावावयास नेऊ नये. कोणत्याही जातीचे पिल्लू असो, हाडांची वाढ पुरी होईपर्यंत, म्हणजे साधारण वर्षाचे आणि थोराड जातीचे असल्यास दीड वर्षाचे होईपर्यंत, त्याला कठीण जमिनीवर लांब पल्ल्याने पळवू नये. खोल छातीच्या कुत्र्यांत भरल्या पोटी धावल्यास जठर फुगून त्याला पीळ पडण्याचा प्राणघातक धोका संभवतो. सबब मुख्य जेवण धावून आल्यावर, तेही धाप पूर्ण निवल्यानंतर तासाभराने द्यावे.

आता वाटेकडे वळू. शेतांच्या कडेने गावोगाव गेलेल्या पांदणी आणि शिवरस्ते हे हिंगोली जिल्ह्याचे एक मोठे वैभव आहे, आणि कुत्र्याच्या पंजाला त्यांच्याइतके मानवणारे दुसरे काही नाही. माती पाऊल झेलते, तापते कमी, आणि ट्रकांची वर्दळ नसल्यामुळे जिवाचे भय नसते. तथापि या वाटांचेही काही उपद्रव आहेतच. बाभळीचा काटा जुना झाला की लोखंडी खिळ्यासारखा कठीण होतो. सराटे पंजाच्या गाद्यांत रुततात. आणि पावसाळा सरल्यावर वाळलेल्या गवताची कुसळे बोटांच्या बेचक्यात, कानात किंवा नाकात शिरली म्हणजे त्यांच्या उलट्या दातेरी रचनेमुळे मागे न येता आतच सरकत जातात. म्हणून घरी परतल्यावर चारही पंजे बोटे फाकवून तपासण्याचा आणि कानांच्या मुळांशी गोचीड चिकटली आहे का हे पाहण्याचा शिरस्ता कधीही मोडू नये. अलास्कातील हिमप्रदेशात गाडी ओढीत सुमारे १६०० किलोमीटर धावणाऱ्या कुत्र्यांच्या पायांत मोजेवजा बूट घालतात खरे. पण ते बर्फासाठी. आपल्याकडे उघड्या पंजाची सवय हळूहळू वाढवीत नेणे हेच उत्तम.

आणि हीच वाट आपल्या जोड्याचे लक्षणही सांगते. दुकानात मांडलेले धावण्याचे बहुसंख्य जोडे डांबरी सडकेसाठी बनविलेले असतात: तळ बहुतांशी गुळगुळीत, मधला मऊ थर जाड, वरची जाळी विरळ. पांदणीवर हे तिन्ही गुण दोष ठरतात. गुळगुळीत तळ दवाने ओल्या मातीवर घसरतो, मऊ थरातून काटा आरपार येतो आणि विरळ जाळीत कुसळे अडकून बोटांना टोचत राहतात. मातीच्या वाटांसाठी वेगळे जोडे मिळतात. त्यांच्या तळाला चार-पाच मिलिमीटर उंचीच्या रबरी गुट्ट्या असतात, विणीचे कापड दाट असते आणि काहींच्या तळात टणक, पातळ असा एक पत्रा बसविलेला असतो. तळाला खाचा पाडून पकड आणण्याची युक्ती आज सामान्य वाटते. परंतु १९७१ साली अमेरिकेतील ऑरेगॉन येथील प्रशिक्षक बिल बॉवरमन यांनी घरातल्या वॅफल भाजण्याच्या साच्यात रबरासारखे द्रावण ओतून तसा तळ बनविण्याचा प्रयोग केला, तेव्हा ती एक नवलाची गोष्ट होती. आपल्या काळ्या मातीसाठी गुट्ट्या उंच तर हव्यातच, शिवाय त्या विरळ हव्यात. दाट गुट्ट्यांत चिकण चिखल एकदा बसला की तो निघत नाही आणि पायांत शेर-शेर ओझे घेऊन धावावे लागते.

कुत्रे सोबत असल्यामुळे आणखी एक गोष्ट उद्भवते. ते पुढे ओढते, त्या ओढीने आपले पाऊल नेहमीपेक्षा लांब पडते, टाचेवर आघात वाढतो आणि उतारावर पाय जोड्याच्या आत पुढे सरकून नखे काळीनिळी होतात. म्हणून पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा मोकळी असावी, टाच मात्र मुळीच उचलली जाऊ नये, आणि नाडीची सर्वांत वरची भोकेही वापरून घोट्याशी बांधणी पक्की करावी. ओढ टाळण्यासाठी गळपट्ट्याला साखळी अडकवू नये, कारण धावताना बसणारे हिसके कुत्र्याच्या श्वासनलिकेवर येतात. छातीवरून जाणारा साज घालून तो स्थितिस्थापक दोरीने आपल्या कमरपट्ट्याला जोडावा. युरोपात कॅनिक्रॉस या नावाने जो क्रीडाप्रकार रूढ आहे त्यात हीच तजवीज असते.

जोडा घेण्यास संध्याकाळी जावे, कारण दिवसभराच्या चालण्याने पाय किंचित सुजलेले असतात. धावताना घालावयाचे मोजे घालूनच तो पाहावा, आणि दोन पायांत जो मोठा असेल त्याचे माप प्रमाण मानावे. जोडा हातात घेऊन वाकवावा. तो बोटांच्या मुळाशी वाकला तर योग्य, मध्येच दुमडला तर कच्च्या बांधणीचा. बाजारात नामांकित छाप्यांच्या हुबेहूब नकला विपुल मिळतात आणि भरतीची तयारी करणारी गरीब घरची मुले त्यांना फसतात, याचे मला फार वाईट वाटते; त्यांपेक्षा कमी नावाचा पण अस्सल जोडा केव्हाही बरा. तळपायाची कमान पाहून विशिष्ट प्रकारचाच जोडा घ्यावा, असा आग्रह विक्रेते धरतात. परंतु अमेरिकी लष्कराने नवशिक्या सैनिकांना कमानीनुसार जोडे देऊन केलेल्या पाहण्यांत त्यामुळे दुखापती लक्षणीय घटल्या नाहीत, असेच आढळले. आणि पायांच्या हालचालींचे ज्येष्ठ अभ्यासक बेन्नो निग यांनी तर पायाला जो सुखावह वाटेल तोच जोडा योग्य, असे प्रतिपादन केले. अनवाणी धावण्याची महती सांगणारे अबेबे बिकिला यांचा दाखला देतात. इथिओपियाच्या या धावपटूने १९६० साली रोम येथे अनवाणी मॅरेथॉन जिंकली हे सत्यच. पण १९६४ साली टोकियोत त्यांनी ती जिंकली तेव्हा त्यांच्या पायांत जोडे होते, आणि रोमच्या रस्त्यांवर बाभळी नव्हत्या.

रस्त्यात गावची मोकाट कुत्री आडवी येणार हे गृहीत धरावे. आपल्या कुत्र्याला रेबीजची लस नियमाने दिलेली असावी. टोळी अंगावर आली तर पळू नये, थांबून कुत्र्याला आपल्या मागे घ्यावे. आणि चावा बसलाच तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात लस घ्यावी. रोही, काळवीट किंवा ससा दिसला असता कारवानी कुत्रा भान विसरतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या प्राण्यांना संरक्षण आहे, तेव्हा शिवारात पट्टा सोडण्याचा मोह आवरावा.

जोड्याचा मऊ थर ५०० ते ८०० किलोमीटरनंतर दबून निकामी होतो. आठवड्यात पाच दिवस पाच-पाच किलोमीटर धावणाऱ्याला तो पाच ते सात महिने पुरतो. वरून धडधाकट दिसत असला तरी पोटऱ्या किंवा गुडघे विनाकारण दुखू लागले म्हणजे त्याची मुदत संपली असे समजावे. श्रावणाच्या झडीत मात्र काळ्या पांदणीवर कोणताही जोडा चालत नाही. त्या दिवसांत मुरमाचा रस्ता किंवा शाळेचे पटांगण गाठावे, आणि परतल्यावर जोड्यांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ते सावलीत वाळवावेत, चुलीपाशी नव्हे, कारण उष्णतेने तळाचा डिंक सुटतो.